सोडलेली पाथरी

मी जिथे काम करते त्या खोलीला खिडकी नाही. तिच्या जागी बाराशे शेते आहेत. जमिनीपासून वीतभर उंचीवरून ती माझ्या पडद्यावर सरकत राहतात : भेगाळलेली काळी माती, ज्वारीचे कोवळे कोंब, आणि त्यांच्यामध्ये कुणीही न बोलावता आलेले ते सगळे हिरवे जीव, ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायला मला चार सेकंद मिळतात. डाव्या हाताला ‘सोडा’ हे बटण आहे, उजव्या हाताला ‘मारा’.

मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर दोन वर्षे मी घरी बसून होते. कवितेने मला एकच गोष्ट नीट शिकवली होती, शब्दापाशी थांबणे. आणि थांबण्यासाठी कुणाला कामावर ठेवत नाहीत. ही नोकरी मिळाली ती आईमुळे. अर्जात ‘हस्तगुरूशी नाते’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘कन्या’ असे लिहिले आणि मुलाखत न होताच माझी निवड झाली.

हस्तगुरू म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे.

अकरा जिल्ह्यांतल्या शेतांतून आज जे यंत्र चालते त्याला कंपनीने एक भारदस्त संस्कृत नाव दिले होते. लोक त्याला नाकतोडा म्हणत. सहा पाय, गुडघ्याएवढी उंची, पोटाखाली एक डोळा आणि डोळ्याशेजारी प्रकाशाचा एक सुईसारखा झोत. ओळीओळीतून चालताना नाकतोडा प्रत्येक रोपाकडे पाहतो आणि ते तण असेल तर त्याचा वाढता कोंब, दोन पानांमधला तो मोहरीएवढा हिरवा जीव, जाळून टाकतो. औषध नाही, फवारणी नाही, मातीला जखम नाही. मागे राहतो तो फक्त ओले गवत करपल्याचा वास.

पण तण कशाला म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतीच्या अंगात कुठेही लिहिलेले नसते. हरभऱ्यात उगवलेली ज्वारी तण ठरते आणि ज्वारीत उगवलेला हरभरा. यंत्र घडवणाऱ्यांनी आधी याद्या केल्या, चित्रे जमवली. ती अपुरी पडली. शेवटी त्यांनी याद्या फेकून दिल्या आणि हात शोधले. माणदेशातल्या आमच्या पिंपरणी गावात खुरपणीला नावाजलेल्या सात बायका होत्या. त्यांच्या मनगटांवर पट्ट्या आणि कपाळांवर कॅमेरे बांधून कंपनीने त्यांना प्रयोगाच्या शेतात दोन हंगाम खुरपायला लावले. प्रत्येकीने आपापली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याचा ओळींचा पट्टा, आणि रोजच्यासारखे काम करायचे. यंत्र फक्त पाहत राहिले. हाताने उपटले ते तण. हाताने सोडले ते पीक. याहून वेगळी व्याख्या त्याला कधीच मिळाली नाही.

त्या सातजणींना कंपनी हस्तगुरू म्हणे. त्यांतला चौथा हात माझ्या आईचा, अनुसाबाई गावडेचा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सातजणींचा फोटो लागला. त्यानंतर गावात खुरपणीचे काम उरले नाही. प्रकाशझोताच्या धोक्यामुळे पीक उभे असताना शेतात माणसाने शिरायलाच बंदी आली. बांधाबांधावर पिवळ्या पाट्या उभ्या राहिल्या. आईचा हात आता चाळीस लाख हेक्टरांवर चालत होता आणि ती स्वतः ओसरीवर बसून होती. पडद्यावर एखाद्या रोपापाशी यंत्र किंचित थबकले की मला तिचे मनगट दिसे. ती लय माझ्या ओळखीची होती. त्या लयीने मला लहानपणी थोपटले होते.

आश्विनात एका रविवारी घरी गेले तर आईचे पोट फुगलेले होते. हातपाय काटकुळे आणि पोट सातव्या महिन्याचे. डोळ्यांत हळद उतरली होती. तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर शेटेबाईंनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि मला बाजूला बोलावून समजावले, की यकृतातल्या बारीक शिरा आतून बंद होत चालल्या आहेत, म्हणून पोटात पाणी साठते. दारूने असे होत नाही, काविळीने होत नाही. काही वनस्पतींमधल्या विषाने होते, आणि तेही थोडे थोडे, पुष्कळ दिवस पोटात गेले तर. या महिन्यातली ही चौथी रुग्ण. कुठला काढा, कुठली जडीबुटी?

आईने छताकडे पाहत सांगितले, की ती भाकरी खाते आणि भाजी खाते. डॉक्टरांनी कुठली भाजी म्हणून विचारले. मिळंल ती, असे म्हणून आईने डोळे मिटले.

बाईंनी संशयित कुळांची एक यादी माझ्या हातात दिली. पिवळी फुले, जमिनीलगत पसरणारी पाने. ती यादी घेऊन मी सलीम मुजावरांकडे गेले.

मुजावर हे कंपनीचे वनस्पतितज्ज्ञ. कंपनीला आता वनस्पतितज्ज्ञाची गरज उरलेली नव्हती, म्हणून त्यांना सामानाच्या खोलीत एक टेबल दिले होते. वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली रोपे छतापर्यंत रचलेली असत. “मी इथला तणांचा वकील,” ते म्हणत. “वीस वर्षं झाली, एक खटला जिंकलेला नाही.”

यादी वाचल्यावर मात्र ते हसले नाहीत. त्यांनी खिडकीतल्या कुंड्यांमधून दोन रोपे मुळासकट उपटून माझ्यासमोर ठेवली.

“यातली पाथरी कुठली ते सांग.”

दोन्ही पाथरीच होत्या. करवतीसारख्या कडांची लांबट पाने, मातीला बिलगून बसलेला पानांचा गोल, मधल्या शिरेवर किंचित जांभळी झाक. ही भाजी मी जन्मापासून खाल्ली होती आणि गेल्या चार वर्षांत पडद्यावर ती हजारो वेळा पाहिली होती. मी तसे म्हटले.

मुजावरांनी पहिल्या रोपाचे पान मोडले. तुटल्या जागी पांढरा चीक डवरला आणि त्यांच्या अंगठ्यावर ओघळला. दुसऱ्याचे मोडले. काहीच झाले नाही. ते पान कोरडेच तुटले, एखाद्या मुक्या माणसाने तोंड उघडावे तसे.

“ही डोंगरउतारावरची बया,” ते म्हणाले. “हिचं पाथरीशी दूरचंसुद्धा नातं नाही. दहा वर्षांपूर्वी ही कंबरेएवढी उभी वाढायची.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडते. भातशेतीत एक गवत असते. माणसाचा हात शेकडो वर्षे भाताहून वेगळे दिसेल ते उपटत आला. त्या गवताच्या लाखो रोपांत जी चार-दोन योगायोगाने भातासारखी दिसत, तेवढीच वाचली, त्यांचेच बी पडले. पिढ्यान्‌पिढ्या असे होत होत गवताने भाताचे रूप घेतले. गवताला कसलीही इच्छा नव्हती. निवडणारा डोळा होता, आणि त्या डोळ्याच्या आंधळ्या जागेत जगणे शक्य होते, एवढेच. माणसाच्या हाताला याला शतके लागली, कारण हात थकतो, चुकतो, सुट्टी घेतो. नाकतोडा थकत नाही. अकरा जिल्ह्यांत तो एकाच डोळ्याने पाहतो आणि एकसारखेच मारतो. वर्षाला तीन पिढ्या काढणाऱ्या या रोपाला दहा वर्षांत तीस पिढ्या मिळाल्या. यंत्राने ज्वारी सोडली, हरभरा सोडला, आणि आणखी एक वनस्पती सोडली. ज्वारीची नक्कल अवघड होती. जमिनीशी बसलेल्या पाथरीची सोपी निघाली.

“मी तीनदा वर लिहिलं,” मुजावर म्हणाले. “उत्तर आलं, यंत्राची अचूकता नव्याण्णव टक्क्यांच्या वर आहे. खरंच आहे ते. यंत्र चुकत नाही गं. शिकवलं तेच करतंय. पाथरी सोड म्हणून त्याला शिकवलं कोणी, तेवढं मला कळलेलं नाही.”

मला ते त्याच क्षणी कळायला हवे होते. पण काही सत्ये आपल्या इतकी जवळ उभी असतात की ती दिसण्यासाठी मागे सरकावे लागते, आणि मागे भिंत असते.

सातही हातांचे मूळ चित्रण कंपनीच्या संग्रहात होते आणि ते पाहण्याचा अधिकार मला होता. मी चौथा हात उघडला. दहा वर्षांपूर्वीची माझी आई पडद्यावर आली. म्हणजे तिचा चेहरा नाही, फक्त दोन हात, काचेच्या हिरव्या बांगड्या आणि खुरप्याचे चमकते पाते. केना गेला. शिपी गेली. हराळीच्या मुळ्या ओढून काढून झटकल्या गेल्या. मग पाथरीचे एक रोप आले. हात त्याच्यावरून गेला. नुसता गेला नाही. खुरप्याच्या टोकाने त्याच्याभोवतीची माती जराशी मोकळी केली आणि मग पुढे गेला. दीड तासात मी हे एकतीस वेळा पाहिले. मग दुसरा हात उघडला, पाचवा, सातवा. सातहीजणी पाथरी सोडत होत्या. चित्रण रोज संध्याकाळी पाचला संपत होते. पाच वाजले की पट्ट्या काढून घेतल्या जात.

आणि मला ते दिवस आठवले. मी बी. ए.ला होते. आई साडेपाचला घरी येई तेव्हा तिची ओटी जड असे. पदराची गाठ सोडून ती पाथरी सुपात ओती, ताजी, मातीचा वास असलेली, तुटल्या देठांना चीक सुटलेला. त्या हंगामात आम्ही रोज पाथरी खाल्ली, कच्ची, भाकरीबरोबर, ठेच्याला लावून. सकाळी उपटलेली पाथरी उन्हात संध्याकाळपर्यंत मान टाकते. म्हणून खुरपणाऱ्या बायका ती दिवसभर पातीत जिथल्या तिथे राहू देतात आणि घरी निघताना परत त्याच वाटेने जाऊन खुडून घेतात. प्रत्येकीच्या पातीतली भाजी तिची. हा रिवाज इतका जुना आणि इतका साधा होता, की तो सांगण्यासारखा आहे असे कुणालाच वाटले नाही. यंत्राने त्यांना सोडताना पाहिले. खुडताना पाहिले नाही.

मग लोकांना पाथरीचे अप्रूप उरले नाही. शेतेच्या शेते तिने भरली, मालक ती पात्याच्या गाडीने कापून जुड्या बांधून बाजारात पाठवू लागले, आणि बांधाबाहेर उभ्या राहिलेल्या बायका आपल्याच हाताने सोडलेली भाजी बाजारातून आणू लागल्या. जुडी एक दिवस शिळी असे. शिळ्या पाथरीला मोडले तरी चीक येत नाही. म्हणजे जिच्या अंगठ्याला ओळख होती तिलाही ओळखायला वाव उरला नव्हता. आणि मी? गेल्या चार वर्षांत जेव्हा जेव्हा यंत्र घुटमळले, या रोपाला काय करू म्हणून त्याने विचारले, तेव्हा पानांची कड पाहून मी डावे बटण दाबले होते. सोडा. किती वेळा, ते संग्रहात नोंदलेले असेल. मी पाहिले नाही.

इस्पितळात आईच्या पोटातून नळीने पाणी काढत होते. मी तिच्या कानाशी वाकून एवढेच म्हटले, की मी पट्टीतले चित्र पाहिले आहे, पाचच्या आधीचे.

तिने भिंतीकडे तोंड फिरवले. मग जे बोलली ते तुकड्यातुकड्यांत. प्रयोगाच्या शेतातून एक पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही, अशी कंपनीची अट होती. तिथली प्रत्येक काडी वजन करायची होती. सातजणींनी त्या कागदावर अंगठे आणि सह्या केल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी सवयीने ओटी भरली. भानावर आल्या तेव्हा घाबरल्या. मग बिरोबाच्या देवळात जाऊन सातजणींनी भंडारा उचलून शपथ घेतली : हे मरेपर्यंत कुणी बोलायचे नाही. दोघी तर तशाच गेल्या.

“शेजारच्या रतनीच्या टाकीखाली एक उगवली हुती,” आई म्हणाली. “गेल्या दिवाळीला. ताजी. मोडली तर कोरडी. तवाच वळखलं मी, ही आपली न्हवं.”

“आणि तरी बोलली नाहीस.”

“काय बोलू? भंडारा उचललाय. आन् बोलले असते तर कंपनीच्या पोरांनी इचारलं असतं, पाथरी का सोडली वो बायांनो. मग? भिंतीवर फोटू हाय आमचा, पुनी. गुरू म्हंत्यात आमाला. चोर म्हनले असते.”

तिने त्या दिवसापासून स्वतः पाथरी खाणे सोडले होते. उशीर झाला होता, इतकेच. आणि आता ती मला सांगत होती की मीही बोलू नये; तिचे काय व्हायचे ते होईल. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मला मी कुठल्याशा लांब ओळीच्या मध्यावर उभी असल्यासारखे वाटत होते. पुढचा शब्द लिहिला तर आईची अब्रू जाणार, न लिहिला तर कोण कोण जाणार ते मोजता येत नव्हते. खोलीला खिडकी होती. तिच्यातून इस्पितळाची भिंत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाबाई शेळके आल्या. सातजणींतला पहिला हात त्यांचा. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, पण आवाज अजून बांधावरून बांधावर जाईल असा. आत आल्या आल्या त्यांनी आईच्या पोटाकडे पाहिले.

“अनुसे, या वयात पाळणा हलवायचा का काय?”

“तुझ्याच घरचा मोकळा झाला की मागून घेते,” आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आले.

बाळाबाईंच्या घरी खरेच पाळणा होता. नातसून बाळंत होऊन दोन आठवडे झाले होते. मुलगी, बारीक आहे पण चपळ आहे. बाळाबाई कौतुकाने सांगत राहिल्या, बारशाचे, नाव काय ठेवायचे त्याच्या भांडणाचे. नातसुनेला दूध कमी येत होते, म्हणून त्यांनी इलाज सुरू केला होता. अकरा दिवस झाले, दोन्ही वेळेला ताटात पाथरी. गुराला घातली तर दुभते वाढते, बाईला का नाही वाढायचे. आज येताना बाजारातून दोन जुड्या घेतल्याच होत्या. पिशवी त्यांच्या पायाशी होती.

मी आईकडे पाहिले. आई पिशवीकडे पाहत होती. मला आठवते की तिने आधी आपले दोन्ही हात चादरीखाली घेतले.

“बाळे,” ती म्हणाली, “ती भाजी देऊ नगंस.”

“का गं?”

“देऊ नगंस म्हंते ना. पोरीला हितं घेऊन ये. लेकराला दूध पाजू नगा तिचं. आजच्या आज.” मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “पुनी, डाक्टरीनबाईला बलीव. मी सांगते काय खाल्लं ते. आन् तू लिव्ह. समदं लिव्ह.”

बाळाबाईंना सगळे समजायला वेळ लागला नाही. त्या उठल्या, पुन्हा बसल्या. भंडाऱ्याची आठवण त्यांनी दिली ती अगदी हळू आवाजात, रागाने नव्हे, घाबरून. आई म्हणाली, “बिरोबाला मी बघते. त्यो दोष माझ्या नावावर लाव.”

मी त्या संध्याकाळी लिहिले. सात पाने झाली. अहवालाची भाषा कोरडी असते याचे मला पहिल्यांदाच बरे वाटले. नातसून आणि तिची मुलगी त्याच रात्री दाखल झाल्या. वेळेत आल्या, असे डॉक्टर शेटे म्हणाल्या. पुढच्या दहा दिवसांत तीन जिल्ह्यांतून चाळीस रुग्ण पुढे आले. बाजारात पाथरीवर बंदी आली, पण लोक बांधावरून खुडत राहिले. ज्याला लोकांनी जन्मभर अन्न म्हटले आहे त्याची भीती त्यांना एका पत्रकाने वाटत नाही.

कंपनीच्या वतीने प्रभुदेसाई नावाचे एक गृहस्थ पडद्यावरून माझ्याशी बोलले. ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते अत्यंत सौम्य होते. कुणावरही आरोप नव्हता. चोरी हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नाही. ग्रामपंचायतीतला फोटो तेवढा उतरवला जाईल. प्रश्न दुरुस्तीचा होता. यंत्राच्या आत ‘पाथरी’ नावाची कुठलीही वस्तू नाही, की जी पुसून टाकता येईल. आत फक्त हातांची सवय आहे. सवय बदलायची तर नवी सवय दाखवावी लागेल. नियमन मंडळाच्या अटीनुसार ती दुरुस्ती मूळ शेतात, मूळ हाताने दाखवली पाहिजे. मूळ हस्तगुरू असमर्थ असेल तर, करारातल्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे, तिच्या वारसाने.

मी विचारले, की यंत्राला मोडून पाहायला नाही का शिकवता येणार? चीक आला तर सोड, नाही आला तर मार.

“त्याला बोटं नाहीत,” ते म्हणाले. “प्रकाश आहे फक्त. बोटं द्यायला पाच-सहा वर्षं जातील. तोपर्यंत लोक मरतील. दोन्ही वनस्पती गेल्या पाहिजेत.”

दोन्ही. म्हणजे सोंगही आणि जिचे सोंग घेतले तीही. नाकतोडा जिथे जिथे चालतो तिथे तिथे, दोन हंगामांत. मुजावरांना मी हे सांगितले. त्यांनी एक कोरा कागद घेतला, कुंडीतली खरी पाथरी त्यावर पसरली, पाने बोटांनी सरळ केली आणि वरून वर्तमानपत्र ठेवून दाबले.

कार्तिकाच्या शेवटी प्रयोगाचे शेत तयार झाले. ज्वारी वीतभर आली होती. बांधावर एक नाकतोडा पाय मिटून बसवला होता, डोळा पातीकडे करून. आईचे पोट उतरले होते, पण तिला चालवत नव्हते. आम्ही तिला गाडीवरून आणले. मुख्य हात तिचाच हवा, असे तिचे म्हणणे होते. आपण केले ते आपणच निस्तरायचे. तंत्रज्ञाने तिच्या मनगटावर पट्टी बांधली, कपाळावर कॅमेरा बसवला. ती पातीत बसली, साडीचा काठ गुडघ्याखाली सारला आणि खुरपे धरले. दहा वर्षांनी ते हात मातीत गेले आणि क्षणात ओळखीचे झाले. केना गेला. शिपी गेली. पाथरीचे रोप आले, आणि हात वरून निघून गेला.

ती थांबली. मागे सरकून पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने ठरवून पाते रोपाच्या बुडाशी नेले. पात्याने माती मोकळी केली, आणि रोप जिथल्या तिथे राहिले. तंत्रज्ञ अवघडून उभा होता. आईने खुरपे खाली ठेवले.

“हात ऐकत न्हाय,” ती म्हणाली.

नाकतोड्याच्या डोळ्यावरचा दिवा चालू होता. तो हेसुद्धा पाहत होता, शिकत होता. तंत्रज्ञाने चित्रण थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

आईने मला कधी खुरपे धरू दिले नव्हते. तुझे हात पुस्तकाला, असे ती म्हणे. माझ्या हातांना ज्वारीची मुळे कुठवर जातात ते ठाऊक नव्हते, हराळी कुठे धरायची ठाऊक नव्हते. त्यांच्यात कुणासाठी काही राखून ठेवण्याची सवय नव्हती. नेमके हेच हवे होते. पट्टी तिच्या मनगटावरून सुटून माझ्या मनगटावर आली. अजून उबदार होती. आम्ही आईला बांधावर बसवले आणि मी तिच्या जागी पातीत बसले.

पहिले रोप उपटताना त्याचे पान मोडले. माझ्या अंगठ्यावर पांढरा चीक आला. हे खरे होते. मी वर पाहिले.

“ते बी टाक,” आई म्हणाली.

मी ते बाजूला टाकले. दुसरे कोरडे निघाले, तिसरे ओले, चौथे ओले. माझा हात अडखळत होता. पाते दगडाला लागत होते, ज्वारीचे दोन कोंबही कापले गेले. ओल्या रोपांपाशी मी, कुणाच्याही नकळत, जरा थांबत असेन. पडद्यासमोर मिळणाऱ्या चार सेकंदांपेक्षाही ते थांबणे लहान असेल. पण आईला ते बांधावरून दिसले. तिने आयुष्यभर हात पाहिले होते.

“थांबू नगंस,” ती म्हणाली. “थांबलीस की त्यो शिकतोय.”

मी थांबले नाही. बाळाबाई केव्हातरी येऊन तिच्याशेजारी बसल्या होत्या. उन्हे कलली. पातीच्या टोकाला पोहोचले तेव्हा मागे पाहिले : काळी, मोकळी, निर्दोष माती आणि तिच्यावर उपटलेल्या पानांचे माना टाकत चाललेले ढीग. तंत्रज्ञाने सांगितले, की असे अजून साठ तास लागतील.

मी वळले आणि शेजारची पात धरली.